सकाळी दांडीवरून न उतरणारी कोंबडी

पत्र थोडक्यात असं : एक ताई आणि त्यांचे थोरले बंधू मिळून अंड्यांसाठी ६०० कोंबड्या सांभाळतात. कोंबड्या पिंजऱ्यात नाहीत, शेडमध्ये तुसाच्या गादीवर मोकळ्या आहेत. अठरा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, विकत आणल्या त्याच दिवशी ताईंनी भिंतीलगत बसण्याच्या दांड्या लावून घेतल्या. एक इंची गोल लोखंडी पाइप, ५०, १०० आणि १५० सेंमी अशा तीन उंचींवर, ओळींमध्ये आडवं अंतर ३० सेंमी, सगळा मिळून ५० मीटर. आज कोंबड्या ३६ आठवड्यांच्या आहेत. निम्म्या दांडीवर झोपतात, निम्म्या खाली कोपऱ्यात एकमेकींना चिकटून. अंडी वाढली नाहीत, उलट बरीच गादीवर सापडतात. तीस कोंबड्या हातात घेऊन पाहिल्या तर अकरा जणींचं छातीचं हाड वाकडं किंवा गाठ आलेलं लागलं. वरच्या दांडीवरच्या काही कोंबड्या सकाळी खाद्य टाकलं तरी बराच वेळ उतरत नाहीत. दादा म्हणतात, आळशी झाल्यात, पाइप उपटून टाक. ताई विचारतात : "दांड्यांनी कोंबड्या सुखी होतात आणि अंडी वाढतात असं ऐकलं होतं. दोन्ही झालं नाही. माझं चुकलं का? काढू की ठेवू?"

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा नुसतं वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन घेऊन बसलो. तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत. हाड चाचपून बघायचं सुचलं, हे तर फारच थोडे जण करतात. बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तुमच्याच आकड्यांत आहेत, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

६०० कोंबड्या आणि ५० मीटर दांडी. एकेकीच्या वाट्याला जेमतेम सव्वाआठ सेंमी येतात. युरोपीय संघाने १९९९ साली अंड्यांच्या कोंबड्यांसाठी जो निर्देश काढला त्यात एका कोंबडीमागे किमान १५ सेंमी दांडी सांगितली आहे, आणि तीही किमानच. त्या हिशेबाने तुमच्या पाइपांवर ३३३ कोंबड्या मावतात. तुम्ही लिहिलंय, निम्म्या वर झोपतात. म्हणजे जितक्यांना जागा आहे तितक्या वर गेल्या आहेत आणि उरलेल्यांना जागाच नाही. "निम्म्यांना दांडी आवडत नाही" असा अर्थ तुम्ही काढलात, दादांनीही काढला. माझ्या मते कोपऱ्यात झोपणाऱ्यांची आवडनिवड अजून कुणी विचारलेलीच नाही.

एकदा दिवस मावळताना शेडमध्ये जाऊन स्वस्थ उभ्या राहा. अर्धा तास द्या. उजेड कमी व्हायला लागला की कोंबड्यांची चुळबुळ सुरू होते. एखादी दांडीखाली येते, मान वर करून एका डोळ्याने बघते, मग दुसऱ्या डोळ्याने. पाय दुमडते, अंग तोलते, पुन्हा सरळ होते. दोन पावलं बाजूला सरकून परत तेच. वरची जागा भरलेली असेल तर उडी मारते, कुणाच्या तरी पाठीवर आपटते, चोच खाते आणि खाली येते. असं तीन-चार वेळा झालं आणि अंधार पडला की ती जिथे आहे तिथेच बसते, कारण अंधारात कोंबडीला धड दिसत नाही. तुम्हाला सकाळी दिसतो तो कोपऱ्यातला ढीग असा तयार होतो.

ही ओढ जुनी आहे. आपल्या सगळ्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडी रानकोंबडी, ती आजही रात्री झाडावर बसते. खाली कोल्हा-मुंगूस फिरतो, वर जीव वाचतो. हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही ती ओढ गेलेली नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी दांडीच्या वाटेवर ढकलायचं दार बसवलं आणि ते जड जड करत नेलं. रात्र पडायच्या वेळी कोंबड्या ते जड दार ढकलूनही दांडीकडे जात होत्या. दांडीपासून अडवलेल्या कोंबड्या इकडून तिकडे येरझारा घालतात, बेचैन होतात, हेही त्यांनी नोंदवलं. दादा विचारतात, कोंबडीला दांडीचं काय सुख? जी गोष्ट मिळवायला जनावर स्वतःहून कष्ट घेतं, ती त्याच्या लेखी महत्त्वाची असते. कोंबडीची बाजू कळून घ्यायला याहून सरळ वाट मला माहीत नाही.

आता सकाळी न उतरणाऱ्या कोंबड्या. पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ती.

त्या आळशी नाहीत, ताई. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात छातीचं हाड मोडलेल्या आणि न मोडलेल्या कोंबड्या दांडीवर ठेवून, खाली उतरायला किती वेळ लागतो ते मोजलं. उंची होती ५०, १०० आणि १५० सेंमी, योगायोगाने नेमकी तुमचीच. हाड मोडलेल्यांना उतरायला जास्त वेळ लागला. मग त्यांना वेदनाशामक टोचलं, आणि त्याच कोंबड्या आधीपेक्षा लवकर उतरल्या. त्यांना उतरायचं होतं, भूकही होती. खाली आदळल्यावर काय होतं हे ठाऊक असल्यामुळे त्या थांबल्या होत्या. उद्या सकाळी वर रेंगाळणाऱ्या चार-पाच जणी हळूच हातात घ्या आणि छाती चाचपा. त्यांचंही हाड त्या अकरा जणींसारखंच लागेल असं मला वाटतं.

हे हाड वाकतं-मोडतं कशाने, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच दांडीवर अर्धा खरा आरोप होतो. कोंबडीच्या छातीखाली नावेच्या तळासारखं लांबट हाड असतं. दांडीवर झोपताना ती पायांवर उभी नसते, पाय दुमडून पुष्कळसा भार याच हाडावर टाकते. हाडाखाली दाब मोजला गेला तेव्हा तो एका तळव्याखालच्या दाबाच्या सुमारे पाचपट भरला. त्यात या हाडाचं मागचं टोक पस्तीस-चाळीस आठवड्यांपर्यंत पुरतं कडक झालेलं नसतं, ते कूर्चेचंच असतं. कोंबडी अंडी घालायला लागते अठरा-वीस आठवड्यांना. म्हणजे छातीचं हाड अजून घडत असतानाच अंगातलं कॅल्शियम रोज कवचाकडे वळायला लागतं. अशा मऊ हाडाखाली एक इंची गोल, गुळगुळीत, लोखंडी पाइप रात्रभर असला तर हाड हळूहळू वाकतं. आणि सकाळी दीड मीटरवरून, जवळजवळ उभ्या उतारावरून खाली उडी मारताना पाय घसरला, मधल्या पाइपवर छाती आपटली, तर ते मोडतं. वाकणं आणि मोडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं दाबाने येतं, दुसरं बहुतेकदा आपटण्याने. तुमच्याकडे दोन्हीला वाव आहे.

पण दांडी काढली की हे थांबेल, असंही समजू नका. डेन्मार्कमध्ये ४० कळप तपासून २०२१ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक कळपात निम्म्या किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचं छातीचं हाड मोडलेलं निघालं, आणि त्यात पिंजऱ्यातले कळपही होते, जिथे उंचावरून पडायचा प्रश्नच येत नाही. लहान चणीच्या आणि लवकर अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना धोका जास्त दिसला. दोष निवडलेल्या जातीचा आहे, अंड्यांच्या वेगाचा आहे, खाद्याचा आहे. चुकीची दांडी त्यात भर घालते. दांडीमुळे होणारा फायदाही हाडांच्याच बाबतीत आहे : वर-खाली करणाऱ्या कोंबडीच्या पायांची आणि पंखांची हाडं नुसत्या बसून राहणारीपेक्षा मजबूत होतात. तेव्हा "चांगली की वाईट" असा निकाल मागितलात तर मला देता येणार नाही. कसली, केवढी, किती उंच आणि चढायला-उतरायला वाट आहे का, हे विचारलंत तर पुष्कळ सांगता येईल.

अंड्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. दांडी लावली की अंडी वाढतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्याने जास्तीचं सांगितलं. अंड्यांची संख्या ठरते जात, वय, उजेड, खाद्य आणि तब्येतीवर. बहुतेक प्रयोगांत दांडीने अंड्यांच्या आकड्यात मोठा फरक पडलेला नाही. फरक पडतो तो आजूबाजूला. कोपऱ्यात ढीग करणाऱ्या कोंबड्यांत खालची एखादी गुदमरून मरते. जिला पळून वर जायला जागा नाही, तिची पिसं उपटली जातात, आणि पिसं गेलेली कोंबडी अंग गरम ठेवायला जास्त खाद्य खाते. हाड मोडलेल्या कोंबड्या कमी अंडी देतात, असंही ब्रिस्टलमधल्या अभ्यासात दिसलं. तुमच्या वहीत अंड्यांचा एकच रकाना असेल तर दांडीचा उपयोगही दिसणार नाही आणि तोटाही दिसणार नाही. आणखी चार रकाने घाला : गादीवरची अंडी, तडकलेली-घाण अंडी, मेलेल्या कोंबड्या आणि रोजचं खाद्य. तीन महिन्यांनी दादांशी त्यावर बोला.

आणि यातलं काहीच सुधारलं नाही तरी? तरीही मी दांडी ठेवीन. ज्या जनावराची रोजची कमाई आपण घेतो, त्याला रात्रीची निर्धास्त झोप देणं हे आपलं देणं आहे. हे माझं मत आहे, आणि मी ते कुठल्या हिशेबात बसवत नाही.

आता हातातलं काम. पाइप उपटू नका, पण आहेत तसेही ठेवू नका.

पहिलं काम, आधी उंची कमी करा. तुमची ५० सेंमी चढ आणि ३० सेंमी अंतर ही रचना साधारण ६० अंशांची झाली. ४५ अंशांपेक्षा उभा चढ कोंबडीला झेपत नाही, आणि चढण्यापेक्षा उतरणं तिला जास्त अवघड जातं. ओळी ४०, ७० आणि १०० सेंमीवर आणा, दोन ओळींत आडवं अंतर ४० सेंमी ठेवा, भिंतीपासून किमान २० सेंमी सोडा. सगळ्यात खालची ओळ पायरी म्हणूनच धरा. तेवढ्याच उंचीवर झोपणाऱ्या कोंबडीचा मागचा भाग खालच्या कोंबड्यांच्या चोचीसमोर येतो आणि टोचाटोची तिथूनच सुरू होते. ७० सेंमी आणि त्यावर ती सुटते. दीड मीटर उंची निरोगी, सरावलेल्या कळपाला चालते. तुमच्या तिसापैकी अकरा जणी दुखावलेल्या असताना ती नको.

यापेक्षाही महत्त्वाचा आहे उतार. लाकडी फळी किंवा जाळीचा रॅम्प, ४५ अंशांपेक्षा निवांत, त्यावर पाय रोवायला आडव्या पट्ट्या, आणि शेडच्या लांबीत दोन-तीन ठिकाणी. स्वित्झर्लंडमध्ये, आत एकावर एक मजले असलेल्या शेडमध्ये रॅम्प लावले तेव्हा पडणं, आपटणं आणि हाडं मोडणं, तिन्ही कमी झालं. सगळ्या सूचनांमधली एकच करायची झाली तर ही करा. तुमच्या वर अडकलेल्या कोंबड्यांना त्याचा उपयोग पहिल्याच सकाळी होईल.

दांडी बदलायची तर चपट्या माथ्याची, चार ते पाच सेंमी रुंद, कडा गोल घासलेल्या लाकडी पट्ट्या घ्या. भार पसरतो, पाय घसरत नाही. लोखंड आणि प्लॅस्टिक ओलं झालं की निसरडं होतं. दांडीवर मऊ आवरण असलं तर हाडं कमी मोडतात हेही प्रयोगात दिसलं आहे. पण म्हणून पाइपाला गोणपाट गुंडाळू नका. मी एके काळी ते केलं होतं. दोन महिन्यांनी कोंबड्यांचे तुरे फिके पडले, रात्री दांडीवर जायला त्या कां-कू करायला लागल्या. एका रात्री बॅटरी घेऊन गेलो आणि गोणपाटाची घडी उलगडली, तर आत राखेसारखा थर, आणि तो थर चालत होता. लाल माइट, म्हणजे गोचिडीसारखा बारीक किडा. दिवसा फटीत लपून राहतो, रात्री वर येऊन रक्त पितो. तेव्हापासून दांडीचे सांधे मी दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या वेळी तपासतो. सांध्यावर पांढरा कागद घासला आणि तांबडा डाग उठला की समजायचं. लाकडी पट्टीला भेगा नसाव्यात आणि ती काढून धुता यावी, एवढं सुताराला आधीच सांगा.

लांबी ९० मीटरपर्यंत न्या. कोंबड्या जड अंगाच्या, तपकिरी जातीच्या असतील तर १०० मीटर धरा. भिंतीलगत जागा नसेल तर शेडच्या मधोमध दोन्ही बाजूंनी चढता येणारे लाकडी घोडे, म्हणजे तिरक्या पायांच्या चौकटी, उभे करा. दांडीखाली जाळी मारून विष्ठेसाठी खण करा. रात्रीची सगळी विष्ठा तिथे पडेल, गादी कोरडी राहील, तळव्याला फोड येणं कमी होईल. खाद्याची-पाण्याची भांडी दांडीखाली येता कामा नयेत, हे वेगळं सांगायला नको.

आणि दिवे. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की रात्री नऊला बटण बंद करून घरी जाता. ताई, सहाशे जणी वर जाण्याच्या तयारीत असताना एका क्षणात काळोख होतो. दिवे टप्प्याटप्प्याने घालवा. आधी गादीवरचे, मग बाकीचे, आणि दांड्यांजवळचा एक मंद दिवा अर्धा तास शेवटपर्यंत राहू द्या. उजेडाच्या दिशेने त्या आपोआप वर सरकतात. सकाळीही असाच हळूहळू उजेड वाढवा.

जागा वाढवल्यावरही काही कोंबड्या कोपऱ्यातच बसतील. अंधार झाल्यावर त्यांना दोन्ही हातांनी पंखांसकट उचलून, छातीला धक्का न लावता, ७० सेंमीच्या ओळीवर ठेवा. आठ-दहा रात्री हे काम आहे. कंटाळवाणं आहे, पण बऱ्याच जणी शिकतात. ज्यांचं हाड दुखतंय त्यांना उचलू नका, त्यांना खालीच कोरडी, आडोशाची जागा करून द्या. गाठ मोठी असेल, कोंबडी खात नसेल, तर पशुवैद्याला दाखवा आणि त्याच फेरीत खाद्यातलं कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

गादीवरच्या अंड्यांचं मूळ मात्र बहुधा तुमच्या शेडच्या आधीचं आहे. तलंगा अठरा आठवड्यांपर्यंत जिथे वाढल्या तिथे दांडी होती का, हे विकणाऱ्याला विचारलं होतंत? स्वीडनमध्ये १९९९ साली कळपांची पाहणी झाली. पहिल्या चार आठवड्यांच्या आत दांडी मिळालेल्या कळपांत पुढे खाली घातलेली अंडी कमी होती आणि मागून टोचून मारणंही कमी होतं. त्याच संशोधकांनी नंतर पिल्लांच्या दोन गटांसमोर खाद्य उंचावर ठेवलं. पहिले आठ आठवडे दांडी न पाहिलेल्यांना, उंची जसजशी वाढली तसतसं, तिथवर पोचणं जमेना. पाय धड होते. वर-खाली या दिशेचं भानच तयार झालेलं नव्हतं. अंड्यांची घरटी जमिनीपासून उंच असतात, तेव्हा अशी कोंबडी गादीवरच अंडं घालणार. ही खोड या कळपात पुरती जाणार नाही. पुढच्या वेळी पिल्लं आणून स्वतः वाढवलीत तर आठव्या-दहाव्या दिवसापासून दहा-पंधरा सेंमी उंचीच्या काठ्या ठेवा आणि वयाबरोबर उंची वाढवत न्या. तयार तलंगा घेणार असाल तर हा प्रश्न आधी विचारा, आणि दांडी लावलेली शेड डोळ्यांनी बघूनच सौदा करा.

मांसासाठी ब्रॉयलर पाळणाऱ्यांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. जलद वाढणारी कोंबडी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इतकी जड होते की गोल दांडीवर तिला तोल सावरत नाही. ती वापरत नाही म्हणून तिला नको आहे, असं धरू नका. गुडघाभर उंचीचा रुंद, जाळीदार ओटा आणि त्याला लांब उतार देऊन बघा. त्यावर त्या चढतात, पायांना व्यायाम होतो, आणि खालून हवा खेळत असल्याने अंगही थंड राहतं.

दादांना माझा निरोप सांगा, पत्रातला त्यांचा सूर मला रागाचा वाटला नाही. पाइपांवर खर्च झाला, मेहनत झाली आणि फळ दिसलं नाही, तर कुणीही असंच म्हणेल. त्यांना एक संध्याकाळ तुमच्याबरोबर शेडमध्ये उभं करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर थांबलेली एक कोंबडी त्यांच्या हातात द्या. छातीच्या हाडावरून दोन बोटं वरून खाली फिरवायला सांगा. बोटं कुठे अडतात ते त्यांचं त्यांना कळेल.

तुमचं चुकलं का, या प्रश्नाचं उत्तर : दांडी लावलीत हे बरोबर केलंत, पाइप चुकीचा निवडलात, जागा कमी दिलीत आणि उतार विसरलात. तिन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे. रॅम्प या आठवड्यात लावा, उंची पुढच्या आठवड्यात कमी करा, लांबी महिन्याभरात पुरी करा. त्यानंतर दर महिन्याला कुठल्याही तीस कोंबड्यांची छाती चाचपून आकडा लिहून ठेवा. जुन्या गाठी जाणार नाहीत, त्यामुळे पहिले दोन महिने तो आकडा अकराच्या आसपासच राहील, खचू नका. नव्याने वाकलेल्या किती, त्यावर लक्ष ठेवा, आणि चौथ्या महिन्याचा आकडा मला नक्की कळवा.